न पुसलेली जागा

मी कर्नलमध्ये काम करते, असं मी पहिल्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात घरी सांगितलं. अब्बांनी ते नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भोरच्या बाजारपेठेत सांगून टाकलं की आमची रेहाना पुण्यात एका कर्नलकडे कामाला लागली. अब्बांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. रविवारी मी तिथे बसलेली दिसले की गिऱ्हाइकं विचारायची, "साहेब कडक आहेत का गं? लष्करातली माणसं वेळेची पक्की असतात." मी हो म्हणायची. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

कर्नल म्हणजे काय ते आता तरी सांगते. कॉम्प्युटर म्हटलं की आपल्याला पडद्यावर दिसतं ते आठवतं. या दिसणाऱ्याच्या खाली एक प्रोग्राम मशीन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत चालू असतो. पाळी कोणाची, मेमरीतली जागा कोणाला किती द्यायची, बाहेरून जोडलेल्या यंत्राचं म्हणणं कोणापर्यंत पोचवायचं, हे सगळं तो बघतो. तोच कर्नल. वरचा एखादा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. कर्नलमध्ये चूक झाली तर सगळं मशीन बंद पडतं. किंवा बंद पडत नाही, चालत राहतं आणि चुकीचं सांगत राहतं. या कामात माझी वीस-बावीस वर्षं गेली. बंद पडणारं मशीन परवडलं, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

दोन हजार सालानंतरची ती पहिली तीन-चार वर्षं. आमची कंपनी सातारा रोडवर होती, लहानशी. दूध तपासायचं यंत्र बाहेरून यायचं, त्याला जोडायचा छोटा कॉम्प्युटर आम्ही बनवायचो. डेअरीत दूध आलं की त्यातलं पळीभर यंत्रात घालायचं. यंत्र फॅट किती, पाणी किती वगैरे पाच आकडे पाठवणार, आमचा कॉम्प्युटर ते घेऊन पावती छापणार. यंत्राकडून आकडे उचलून वर द्यायचे, हा कर्नलमधला तुकडा माझा. जेमतेम सातशे ओळींचा. पण पहाटे धार काढून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाची इज्जत त्या सातशे ओळींतून जायची. हे वाक्य मला आज सुचतंय. तेव्हा सुचलं नव्हतं.

पहिलं संकट किकवीच्या बाजूला आलं. हायवेला लागून असलेल्या एका डेअरीत सकाळी रांग वाढली की आमचं मशीन थिजायचं. काही दाबा, हलायचं नाही. मी तीन दिवस सकाळच्या एसटीनं जाऊन तिथे बसले. तिसऱ्या दिवशी रांगेतले एक आजोबा किटली खाली ठेवून म्हणाले, "बाई, तुमचं मशीन झोपलं बघा पुन्यांदा. उठवा त्येला."

सगळे हसले. मी मात्र चमकले, कारण कर्नलच्या कामात झोपणं हा खरोखरचा शब्द आहे.

तिथे जागा मागायचे प्रकार असतात. एका प्रकारात तुम्ही म्हणता, आत्ता जागा नसेल तर मी थांबते, झाली की द्या. मग कर्नल तुम्हाला झोपवतो आणि जागा मोकळी झाली की उठवतो. दुसऱ्या प्रकारात म्हणता, असेल तर लगेच द्या, नसेल तर नाही म्हणा, मला थांबता येणार नाही. यात नकार ऐकायची तयारी ठेवावी लागते. पण यंत्र 'माझे आकडे तयार आहेत' अशी हाक मारतं तेव्हा कर्नल हातातलं काम टाकून तिकडे धावलेला असतो. त्या धावण्यात झोपायची सोय नसते. तिथे पहिल्या प्रकारानं जागा मागितली आणि नेमकी जागा कमी असली, तर झोपलेल्याला उठवायला कोणी उरत नाही. मी तिथे पहिल्या प्रकारानं मागितली होती. आजोबा म्हणाले ते अक्षरशः खरं होतं.

मी मागायची पद्धत बदलली. प्रत्येक नमुन्यासाठी लहानशी जागा, थांबायचं नाही, काम झालं की लगेच परत. मशीन पुन्हा कधी थिजलं नाही. कंपनीच्या मालकांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. त्या दिवसाचा अभिमान मला खूप वर्षं पुरला असता.

पण त्याच दुरुस्तीत मी आणखी एक गोष्ट केली. कर्नल जागा देतो ती पुसून देत नाही. आधीच्यानं त्यात जे ठेवलं असेल ते तसंच असतं, आणि नुकती परत केलेली जागाच बहुधा पुढच्याला मिळते. न विसळलेली किटली हातात द्यावी तसं. म्हणून घेतली की आधी पुसायची, अशी शिस्त असते. आम्ही वापरत होतो त्या आवृत्तीत मागणं ही एक ओळ होती आणि पुसणं ही दुसरी. काही वर्षांनी दोन्ही एकाच मागणीत मिळायला लागलं. तेव्हा मिळत नव्हतं, आणि मी ती दुसरी ओळ काढून टाकली. माझं म्हणणं असं की यंत्र दर वेळी पाचही आकडे पाठवतंच, ते जुन्यावर चढतातच, मग आधी पुसायचं कशाला? वेळ वाचवायचा होता असंही नाही. चौसष्ट बाइट पुसायला लागणारा वेळ जाणवतसुद्धा नाही. कोड सुटसुटीत दिसावा म्हणून काढली. काढताना बरं वाटलं होतं, हे मला नीट आठवतं.

चार-पाच महिन्यांनी वेल्ह्याकडच्या एका डेअरीतून फोन आला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या सचिवांना सगळे तात्या म्हणत. आनंदानं त्यांचा आवाज चढला होता.

"मॅडम, तुमच्या मशीननं चोर धरला! वरच्या वाडीची अनुसयाबाई. दोन म्हशी हायत. दुधात पानी, एकतीस टक्के! एकदा न्हाई, आठ-दहा दिसांत तीनदा."

"याआधी कधी लक्षात आलं नव्हतं?"

"कसं यील? फॅट झ्याक लागतीया. पानी घालायचं आन वरनं तेलबिल टाकून फॅट वाडवायची, असलं कायतरी करत असतील. पर मशीनम्होरं चालतंय व्हय?"

मी ही गोष्ट ऑफिसात रंगवून सांगितली. मालकांनी ती पुढे प्रत्येक नव्या डेअरीला सांगितली. आमचं मशीन नुसतं फॅट मोजत नाही, चोरी पकडतं. मलाही ते ऐकायला आवडायचं.

भाद्रपदातला एक रविवार. मी अब्बांच्या दुकानात बसले होते. एक पन्नाशीच्या बाई पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. अंगावर नऊवारी, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली काचेची बाटली.

"दूध मापायचं मशीन केलंय ती पोरगी हितलीच का?"

अब्बांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि त्यांना बसायला स्टूल दिलं. त्या बसल्या नाहीत. त्या अनुसयाबाई होत्या. चेलाडी फाट्याला एसटी बदलून, कोणाकोणाला विचारत, भोरला आल्या होत्या. भोरची पोरगी आहे, एवढंच त्यांना तात्यांकडून कळलं होतं.

"मावशी, मी काय करू शकते?" मी विचारलं.

"ह्यात पानी हाय का सांगा." त्यांनी बाटली पुढे केली. "सकाळी म्या सोता धार काढली. कुनाचा हात लागू दिला न्हाई."

"इथे मशीन नाही हो. ते डेअरीतच असतं."

मग त्यांनी कमरेची पिशवी सोडून तीन पावत्या काढल्या. "ह्या बगा. वाचता येत न्हाई, पर पोरानं सांगितलं. फॅट सात लागलीया. आन पानी तीस. फॅट सात आन पानी तीस, ह्ये कसं व्हईल? पानी घातल्यावर फॅट ऱ्हाईल का?"

तीन पावत्या माझ्या हातात होत्या. त्यांचा प्रश्न अगदी बिनतोड होता. उत्तर त्या कागदावरच होतं. मला फक्त आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघायचे होते. मी फक्त पाण्याचा आकडा बघितला आणि पावत्या परत केल्या.

"डेअरीत फळ्यावर माझं नाव लिवलंय," त्या म्हणाल्या. "आता दूधबी घेत न्हाईत. म्या पानी घालत न्हाई. तुमच्या मशीनचं कायतरी चुकत असंल."

"मशीन चुकत नाही, मावशी," मी म्हणाले.

उद्धटपणे नाही म्हणाले. अगदी शांतपणे, समजूत घालावी तशी म्हणाले. 

"चुकत न्हाई?"

"नाही."

"शिकलेली हाय तू. आन मशीन तूच केलंयस." त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होत्या. "म्या पानी घातलं न्हाई. मशीन चुकत न्हाई. मंग वाटंत कॅन आननारीच ऱ्हायली."

एवढं बोलून बाटली तशीच ठेवून त्या गेल्या. शेवटच्या वाक्याचा अर्थ मी विचारलाही नाही.

अब्बांनी ते दूध घरी आणलं. इतक्या तासांनी नासलंच असणार असं मला वाटलं होतं, पण तापवल्यावर फुटलं नाही. निवल्यावर अब्बांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. पातेल्यावर सायीचा जाड थर आला होता.

"रेहाना, ह्या दुधात पाणी नाही."

"अब्बा, ही बाटली त्यांनी मुद्दाम चांगली आणली असेल. पावतीवरचं दूध वेगळ्या दिवसाचं आहे."

"तू मशीन उघडून बघितलंस?"

"मला माहीत आहे त्यात काय आहे."

"मला पण माहीत असतं रेडिओत काय आहे," अब्बा म्हणाले. "तरी गिऱ्हाईक खरखर म्हणालं की मी उघडतो. तीन तासांची एसटी करून कोणी उगाच येत नाही. जाऊन ये."

जाते म्हणाले. पण त्या आठवड्यात एका मोठ्या दूध संघापुढे मशीन दाखवायचं होतं. पुढच्या आठवड्यात आणखी काही. गेले तेव्हा तीन आठवडे उलटले होते. त्या तीन आठवड्यांचं मला कोणतंही बरं कारण देता येत नाही.

मी आदल्या दिवशीच गावात पोचले, तात्यांच्या घरी राहिले. सकाळी डेअरीत एका कोपऱ्यात बसून सगळं बघत होते. साठेक माणसं येऊन गेली, सगळ्यांच्या पावत्या ठीक. रांग संपली. तात्यांनी यंत्र धुवायचं बटण दाबलं. यंत्रानं स्वच्छ पाणी ओढून नळी धुतली. मग तात्यांनी दूध थंड ठेवायचा कूलर चालू केला. दोनेक मिनिटांनी कूलरचा कॉम्प्रेसर धडधडला आणि डोक्यावरचा दिवा क्षणभर मंदावला.

"हे रोज असंच करता?" मी विचारलं.

"व्हय. रांग सरली की धुवायचं, कूलर लावायचा. मंग एखादं मागं ऱ्हायलेलं आसंल तर त्येचं घ्यायचं. वाडीची रंजना यायची ना, अनुसयाबाईची सून. तीच शेवटची. लई लांबनं चालत यायची, ओढा वलांडून."

मी उठले.

"तात्या, तुमच्या घरचं दूध आहे का शिल्लक?"

होतं. ते घरून तांब्याभर घेऊन आले. मी कूलर बंद करायला सांगितला, यंत्र पुन्हा धुतलं. कूलर लावला. कॉम्प्रेसर केव्हा धडधडतो तिकडे कान ठेवून मी तात्यांचं दूध यंत्रात घातलं. दर वेळी आधी यंत्र धुवायचं, कूलर बंद करून पुन्हा लावायचा, मग दूध घालायचं. पहिल्या वेळी पावती बरोबर आली. दुसऱ्या वेळीही. चौथ्या वेळी दिवा मंदावला आणि यंत्र नेमकं तेव्हाच आकडे पाठवत होतं. पावती बाहेर आली. फॅट सहा पूर्णांक आठ. पाणी एकोणतीस.

तात्या पावती हातात धरून उभे राहिले.

"ह्ये माझ्या घरचं हाय मॅडम. माझ्या आईनं धार काढलीया."

"हो."

"म्हंजी?"

म्हणजे असं होतं. वीज डळमळली की यंत्र आकडे पाठवता पाठवता मध्येच अडखळायचं. पाचपैकी दोनच यायचे. फॅट पहिला आकडा, तो खरा यायचा. पाण्याचा आकडा चौथा, तो यायचाच नाही. माझ्या कोडनं किती आकडे आले हे तपासलं नव्हतं, जागा पुसलीही नव्हती. त्या जागेत त्याआधीचं मोजमाप पडलेलं होतं, यंत्र धुतानाचं. धुताना नळीत थोडं पाणी असायचं, थोडं उरलेलं दूध. ते यंत्रानं मोजलेलं असायचं, आम्ही छापायचो नाही इतकंच. तो शिळा आकडा रंजनाच्या दुधाच्या पावतीवर छापला जायचा. रंजना लांबून यायची, शेवटी यायची. एवढाच तिचा गुन्हा.

तात्यांना मी हे जमेल तसं सांगितलं. त्यांनी पावतीची घडी घालून खिशात ठेवली. मग फळ्यापाशी गेले आणि अनुसयाबाईंचं नाव हातानंच पुसलं. खडू जुना होता, अक्षरांचा डाग राहिला.

"चला," मी म्हणाले. "वाडीवर जाऊ. मला त्यांना सांगायचंय."

"मॅडम, आता जाऊन उपेग न्हाई." तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले. "सुनंला धाडलं त्यांनी म्हायेरी. भोरास्नं आल्या त्याच दिशी. दूध वाटंत विकती आन ओढ्याचं पानी भरती म्हनून. पोरानं हातबी उचलला, म्हनत्यात."

वाटंत कॅन आननारीच ऱ्हायली. त्या वाक्याचा अर्थ मला डेअरीच्या ओट्यावर उभी असताना लागला.

तरी आम्ही गेलो. पाऊण तासाची चढण. ओढ्याला अजून गुडघाभर पाणी होतं. रंजना रोज भरलेला कॅन डोक्यावर घेऊन ते ओलांडत होती. अनुसयाबाई गोठ्यात होत्या. एकच म्हैस दावणीला होती. दुसरी विकली होती, दूध घ्यायला कोणी नाही म्हणून. मी त्यांना सांगितलं. मशीन चुकलं होतं. मशीनमधली चूक माझी होती. तुमच्या दुधात पाणी नव्हतं, सुनेनं काही केलेलं नव्हतं.

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुमी म्हनला व्हता, मशीन चुकत न्हाई."

"हो. मी म्हणाले होते."

"म्या तुमच्या सबुदावर इस्वास ठिवला." मग म्हणाल्या, "दोन वर्सं घरात राबनाऱ्या पोरीवर न्हाई ठिवला. रडत रडत आन घेत व्हती ती. म्या म्हनलं, भोरची शिकलेली बाई खोटं कशाला सांगंल?"

 तात्या हातातली टोपी चुरगाळत होते.

"तिचं म्हायेर उत्रोलीचं," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमच्या भोराजवळच. तुमीच जाऊन सांगा तिला. माझ्या तोंडानं मी काय सांगू?"

पुण्याला परतून मी दोन दिवसांत दुरुस्ती केली. जागा घेतली की पुसायची. किती आकडे आले ते मोजायचे, पाचाहून कमी असतील तर पावती छापायची नाही, नमुना पुन्हा घ्या म्हणायचं. सगळ्या मिळून सहा-सात ओळी. मालकांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, ऐकताना त्यांचाही चेहरा उतरला. पण म्हणाले, "रेहाना, सगळ्या डेअऱ्यांना नवीन आवृत्ती पाठवू. चूक होती असं लिहायची गरज नाही. सुधारणा म्हणून पाठवू. नाहीतर कंपनी उद्या बंद पडेल, वीस माणसं घरी जातील."

मी तयार झाले. सुधारणा म्हणून ती सगळीकडे गेली. आमची मशीनं चाळीसेक गावांत होती. त्या गावांमध्ये शेवटी येणारं आणखी कोण होतं, कोणाचं नाव कुठल्या फळ्यावर लागलं, कोणी घरात कोणाला काय म्हटलं, हे मला माहीत नाही. विचारायला गेले असते तर कळलं असतं. मी गेले नाही. पुढे मी मोठ्या कंपन्यांत काम केलं, दुसऱ्यांचा कोड तपासायचं काम केलं. जागा पुसली का, थांबायला चालतं तिथेच थांबलात का, जागा मिळाली नाही तर काय कराल, हे विचारून मी तरुण मुलांना हैराण करायची. मॅडम उगाच लहानसहान गोष्टींवर अडतात, असं ती आपसात म्हणायची. कारण मी त्यांना कधी सांगितलं नाही. पहिल्यांदाच लिहिते आहे.

दुरुस्ती केली त्याच आठवड्यातल्या रविवारी मी उत्रोलीला गेले. भाताची कापणी चालू होती. रंजना विळा घेऊन बांधाशेजारच्या खाचरात होती. बावीस-तेवीस वर्षांची, सडपातळ मुलगी. तिच्या आईनं मला ओळख विचारली आणि हाक मारून तिला बोलावलं. ती विळा हातात घेऊनच आली.

मी तिलाही सगळं सांगितलं. आता ते सांगायची मला सवय झाली होती. यंत्र, वीज, शिळा आकडा. ती मान खाली घालून ऐकत होती. मध्ये एकदाच तिनं विचारलं, "धुन्याचं पानी? माझ्या नावावर?"

"हो."

"आन म्या ते किती दिस शोधलं," ती म्हणाली. "कॅन घासून बगितला. झाकन बदाललं. वडा वलांडताना पानी उडतंय का म्हनून वरनं दुसऱ्या वाटनं आले चार दिस. आर्धा तास जास्त लागायचा. मला वाटलं, खरंच माझ्याकडनंच कायतरी व्हतंय."

दुसऱ्या वाटेनं येताना तिला आणखी उशीर व्हायचा. म्हणजे कूलर लागायच्या वेळेलाच ती हटकून पोचायची. हे मी तिला सांगितलं नाही.

"रंजना, तुझ्या सासूबाईंना कळलंय आता. तात्यांनी गावात पण सांगितलंय. ते तुला न्यायला येतील. तुझ्यावरचा आळ गेला."

तिची आई आशेनं तिच्याकडे बघत होती. रंजनानं विळा बांधावर ठेवला, पदरानं हात पुसले.

"मशीन म्हनलं चोर, म्हनून धाडलं. आता मशीन म्हनतंय चोर न्हाई, म्हनून नेतील." ती चिडून बोलत नव्हती. "ताई, तुमी लांबनं आला, खरं सांगितलं, बरं केलं. पर मधी म्या घसा फोडून सांगत व्हते. मला घरात एक जन व्हय म्हनला आस्ता तर मी ग्येले आस्ते."

मी म्हणाले, "सगळी चूक माझी आहे. त्यांचा दोष नाही."

"तुमची चूक मशीनपुरती हाय," ती म्हणाली. "हात मशीननं उचलला न्हाई."

तिची आई रडायला लागली. रंजनानं तिला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. ऊन चढायला लागलं होतं आणि अर्धं खाचर कापायचं राहिलं होतं. तिनं विळा उचलला.

पंधरा दिवसांनी नवरा आणि सासू तिला न्यायला आले, असं मला अब्बांकडून कळलं. साडी-चोळी घेऊन आले होते. अनुसयाबाई उंबऱ्यात बसून राहिल्या, संध्याकाळची शेवटची एसटी निघायच्या वेळेपर्यंत. रंजनानं त्यांना जेवायला वाढलं, पाणी दिलं. गेली नाही.